वाक्य शेवटाकडून तपासा: गद्य स्पष्ट आणि नेमके करण्याचा सराव

लेखन सुधारायचे ठरवून बसलेला माणूस बहुधा संपूर्ण लेख एकदम हातात घेतो आणि थोड्याच वेळात थकतो, कारण मांडणी, माहिती, युक्तिवाद, भाषा आणि शुद्धलेखन असे सगळे प्रश्न एकाच वेळी त्याच्यासमोर उभे राहतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकच काम घेतले आहे: एक वाक्य समोर ठेवायचे, त्यात काय म्हटले आहे ते तपासायचे आणि तेच वाचकाला एका वाचनात, एकाच अर्थाने कळेल असे करायचे. परिच्छेदांचा क्रम लावणे हे याच्या आधीचे काम आणि मुद्रितशोधन हे याच्या नंतरचे. जो परिच्छेद उद्या काढूनच टाकायचा आहे, त्यातील वाक्ये आज घासत बसण्यात अर्थ नाही.

मराठी वाक्य तपासताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. आपल्या वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. कर्ता, कर्म, काळ, स्थळ, कारण, हेतू हे सगळे आधी येऊन जाते आणि त्या सगळ्याचे पुढे काय झाले हे वाचकाला अखेरच्या शब्दावर कळते. ते झाले, होणार आहे, होऊ शकते की झालेच नाही, हेही तिथेच ठरते. चाळीस शब्दांच्या वाक्यात वाचक एकोणचाळीस शब्द मनात धरून चालत असतो. लिहिणाऱ्याला हे ओझे जाणवत नाही, कारण शेवटी काय येणार हे त्याला पहिल्या शब्दापासून ठाऊक असते. म्हणून संपादन करताना वाक्य शेवटाकडून तपासावे: आधी क्रियापद, मग त्याचा कर्ता, मग उरलेले शब्द. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका सवयीवर उभ्या आहेत.

तयारी

सरावासाठी स्वतःचाच, पण काही आठवड्यांपूर्वी लिहिलेला दोनशे-अडीचशे शब्दांचा मजकूर घ्यावा. ताजा मजकूर घेऊ नये. त्यात काय म्हणायचे होते हे अजून आठवत असते आणि डोळे कागदावरचे न वाचता मनातले वाचतात. मजकुराची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवावी. दुसऱ्या प्रतीत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यावे, त्याला क्रमांक द्यावा आणि दोन वाक्यांमध्ये एक ओळ रिकामी सोडावी. परिच्छेदात लपून राहणारे वाक्य असे एकटे उभे केले की त्याची लांबी आणि त्याचा तोल लगेच दिसतो.

एका फेरीत एकाच प्रकारचा दोष शोधावा. क्रियापदे तपासताना मध्येच एखादा शब्द खटकला तर त्याखाली रेघ मारून पुढे जावे, थांबू नये. सुरुवातीला दिवसाला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासात पाच-सहा वाक्यांचे काम झाले तरी ते कमी नाही.

पहिली फेरी: क्रियापदे

प्रत्येक वाक्याचे शेवटचे क्रियापद अधोरेखित करावे आणि मग फक्त अधोरेखित शब्द वरून खाली वाचावेत. ‘आहे, आले, येते, झाले, आहे, करण्यात आले’ अशी रांग निघाली, तर मजकुरातील खऱ्या क्रिया क्रियापदांत राहिलेल्या नाहीत, त्या नामांत जाऊन बसल्या आहेत, असे समजावे. एक वाक्य पाहू: ‘यंत्राची तपासणी करण्यात येऊन त्यातील बिघाडाची दुरुस्ती करण्यात आली.’ इथे घडलेल्या गोष्टी दोन आहेत, तपासणे आणि दुरुस्त करणे. पण वाक्यातली क्रियापदे मात्र ‘येऊन’ आणि ‘आली’ ही आहेत, आणि प्रत्यक्षात कोणीही कुठून आलेले नाही. ‘तंत्रज्ञांनी यंत्र तपासले आणि त्यातील बिघाड दुरुस्त केला’ असे म्हटले की क्रिया आपल्या जागी परत येतात.

‘निवड करणे’ऐवजी ‘निवडणे’, ‘वापर करणे’ऐवजी ‘वापरणे’, ‘मोजमाप करणे’ऐवजी ‘मोजणे’ असे बदल सहज जमतात. मात्र नाम आणि ‘करणे’ यांची प्रत्येक जोडी दोषी नसते. ‘चर्चा करणे’, ‘प्रवास करणे’, ‘प्रयत्न करणे’ ही मराठीची स्वाभाविक क्रियापदेच आहेत आणि त्यांना एका शब्दात कोंबण्याचा हट्ट धरला तर वाक्य विचित्र होते. कसोटी साधी आहे: समोर बसलेल्या माणसाला हीच गोष्ट सांगताना तुम्ही कोणते क्रियापद वापराल?

दुसरी फेरी: कर्ता

क्रियापद सापडले की ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न विचारावा. इथे नवशिक्यांची एक ठरावीक गफलत होते. इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शकांत कर्मणी रचना टाळण्याचा सल्ला असतो आणि तो तसाच उचलून काहीजण मराठीतल्या प्रत्येक कर्मणी प्रयोगाकडे संशयाने पाहू लागतात. ‘मुलाने पत्र लिहिले’ हा व्याकरणदृष्ट्या कर्मणी प्रयोगच आहे, कारण क्रियापद ‘पत्र’ या नपुंसकलिंगी कर्माप्रमाणे चालते. तरीही कर्ता तिथे ठसठशीत उभा आहे आणि वाक्यात काहीही लपलेले नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद वापरले की मराठी वाक्य बहुधा याच वळणाने जाते. त्याला हात लावण्याचे कारण नाही.

तपासायची आहे ती ‘लिहिले गेले’ किंवा ‘लिहिण्यात आले’ ही रचना, कारण तिच्यात कर्ता न सांगताही वाक्य पुरे होते. कर्ता अज्ञात असेल किंवा त्याचे महत्त्व नसेल तिथे ती योग्यच आहे. पण ‘अर्ज फेटाळण्यात आला’ असे वाचल्यावर कोणी फेटाळला हे वाचकाला हवेच असते, आणि लेखकाला ते माहीत असूनही लिहायचे राहून गेलेले असते. काही वेळा माहीत नसते. ‘करण्यात आले’च्या आडोशाला ही उणीव स्वतः लेखकालाही दिसत नाही, वाक्य सोडवायला घेतले की दिसते.

‘कडून’ या शब्दाकडे वेगळे लक्ष द्यावे. ‘समितीकडून अहवाल मागवण्यात आला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: समितीने कोणाला तरी अहवाल मागितला, किंवा कोणीतरी समितीला अहवाल मागितला. दोन्ही वाचने तितकीच सरळ आहेत. ‘समितीने अहवाल मागवला’ किंवा ‘संचालकांनी समितीला अहवाल मागितला’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

तिसरी फेरी: क्रियापदापर्यंतचे अंतर

आता वाक्याच्या सुरुवातीपासून पहिल्या पूर्ण क्रियापदापर्यंत किती शब्द आहेत ते मोजावे आणि आकडा समासात लिहावा. ते पंधरा-सोळाच्या वर गेले की मी त्या वाक्यापाशी थांबतो. हा माझा अनुभवाचा आकडा आहे, व्याकरणाचा नियम नव्हे, आणि थांबणे म्हणजे तोडणे असेही नाही. वाक्य लांब असणे हा मुळात दोष नाही. ‘पाऊस थांबला, आकाश निवळले आणि पाण्याची पातळी उतरू लागली, म्हणून पथकाने शोध पुन्हा सुरू केला’ या वाक्यात पंधरा शब्द आहेत आणि त्यात आणखी दहा घातले तरी वाचकाला ते जड जाणार नाही, कारण प्रत्येक क्रिया तिथल्या तिथे पुरी होते आणि वाचक हातातले ओझे खाली ठेवून पुढे जातो. त्रास होतो तो एकाच क्रियापदावर पंचवीस शब्द टांगलेले असतात तेव्हा.

अंतर वाढवणारी पहिली गोष्ट म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये घुसवलेले उपवाक्य. ‘संपादकांनी, ज्यांनी यापूर्वी दोन वेळा हा लेख परत पाठवला होता व ज्यांच्या सूचनांप्रमाणे लेखकाने त्यात अनेक बदल केले होते, तो अखेर स्वीकारला.’ ही ठेवण परकी आहे. मराठीत ‘जो’ आधी येतो आणि ‘तो’ नंतर: ‘ज्या संपादकांनी हा लेख दोनदा परत पाठवला होता, त्यांनीच तो अखेर स्वीकारला, मधल्या काळात लेखकाने त्यांच्या सूचनांप्रमाणे त्यात अनेक बदल केले होते.’ शब्द फारसे कमी झालेले नाहीत, तरी एका दमात कळणारे वाक्य मिळाले.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘करून, जाऊन, पाहून’ अशा ऊन-प्रत्ययान्त रूपांची साखळी. हे रूप मराठीत फार उपयोगी आहे आणि म्हणूनच त्याचा अतिवापर होतो. त्याच्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, वाचक त्या क्रियेचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याशी जोडतो. ‘दार उघडून मुले बाहेर आली’ यात दार मुलांनीच उघडले. ‘प्रश्नावली भरून ती कार्यालयाने तपासली’ यात मात्र प्रश्नावली कार्यालयानेच भरली असा भास होतो; म्हणायचे होते ते ‘अर्जदारांनी भरलेली प्रश्नावली कार्यालयाने तपासली’. नैसर्गिक घडामोडींत कर्ते वेगळे असले तरी चालून जाते, उदाहरणार्थ ‘खिडकी उघडी राहून कागद उडाले’; माणसांच्या किंवा संस्थांच्या कृतींत ही सवलत घेऊ नये. दुसरे, या रूपाला स्वतःचा काळ नसतो, तो त्याला शेवटच्या क्रियापदाकडून मिळतो. ‘चर्चा होऊन निर्णय घेतला जाईल’ यातली चर्चाही भविष्यातली आहे. चर्चा आधीच झालेली असेल तर ‘चर्चा झाली आहे, निर्णय पुढे घेतला जाईल’ असे लिहावेच लागते.

चौथी फेरी: कोणता शब्द कोणाला चिकटला आहे

या फेरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण या चुका लिहिणाऱ्याला जवळजवळ कधीच दिसत नाहीत.

विशेषणांपासून सुरुवात करू. ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘जुने पुस्तकांचे दुकान’ यांत पुस्तके जुनी की दुकान जुने हे विशेषणाच्या रूपावरूनच कळते, आणि मराठीची ही मोठी सोय आहे. पण ही सोय ‘जुना’, ‘मोठा’, ‘काळा’ अशा आकारान्त विशेषणांपुरतीच मिळते. ‘सुंदर’, ‘उपयुक्त’, ‘लहान’, ‘अवघड’ ही विशेषणे रूप बदलत नाहीत. ‘अवघड विषयांची पुस्तके’ म्हटल्यावर विषय अवघड की पुस्तके अवघड, हे वाचकाला अंदाजाने ठरवावे लागते. उपाय एकच: विशेषण ज्या नामाचे आहे त्याच्या अगदी शेजारी आणावे. पुस्तके अवघड असतील तर ‘या विषयांची अवघड पुस्तके’.

मग ‘च’, ‘ही’ आणि ‘फक्त’ यांच्या जागा पाहाव्यात. ‘मीच काल पत्र लिहिले’, ‘मी कालच पत्र लिहिले’, ‘मी काल पत्रच लिहिले’ आणि ‘मी काल पत्र लिहिलेच’ ही चार वाक्ये चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एका अक्षराने इतके काम करून देणारी भाषा हाताशी असताना ते अक्षर सवयीने कुठेही टाकणे ही उधळपट्टीच होय. मजकुरातल्या प्रत्येक ‘च’ला विचारावे की तू कोणाला वगळतो आहेस. उत्तर मिळाले नाही तर तो काढून टाकावा.

‘-ताना’ हा प्रत्ययही असाच दुहेरी आहे. ‘मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिले’ यात रस्ता कोण ओलांडत होते? बोलण्यात संदर्भ मदतीला येतो, लेखनात प्रत्येक वेळी येतोच असे नाही. ‘तो रस्ता ओलांडत असताना मी त्याला पाहिले’ किंवा ‘मी रस्ता ओलांडत होतो तेव्हा तो मला दिसला’ असे कर्त्यासकट लिहावे.

आणि नकार. मराठीत ‘नाही’ बहुतेक वेळा शेवटी येते आणि आधीच्या सगळ्या शब्दांवर त्याची सावली पडते. ती नेमकी कोणावर पडली हे मात्र वाक्य सांगत नाही. ‘सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत’ म्हणजे एकही झाला नाही, की काही झाले आणि काही राहिले? पहिल्यासाठी ‘एकही विद्यार्थी उत्तीर्ण झाला नाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘काही विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले’ असे लिहिता येते, आणि आकडा माहीत असेल तर तो सरळ द्यावा. याहून फसवे वाक्य कारणाचे असते. ‘तो रागावल्यामुळे गेला नाही’ याचा एक अर्थ असा की तो रागावला होता आणि म्हणून तो गेला नाही. दुसरा असा की तो गेला, पण जाण्याचे कारण राग हे नव्हते. एकात तो घरी आहे, दुसऱ्यात निघून गेलेला आहे. तुलनेतही हेच घडते: ‘त्याच्यासारखा मी आळशी नाही’ या वाक्यावरून ‘तो’ आळशी आहे की नाही, हे दोन्ही बाजूंनी वाचता येते. कारण किंवा तुलना असलेल्या प्रत्येक नकारार्थी वाक्यापाशी थांबून दुसरा अर्थ मुद्दाम शोधावा, आणि सापडला तर वाक्याचे दोन तुकडे करावेत.

पाचवी फेरी: सर्वनामे, अनुस्वार आणि ‘चा-ची-चे’

‘ते’ हे सर्वनाम नपुंसकलिंगी एकवचन असू शकते, पुल्लिंगी अनेकवचन असू शकते किंवा आदरार्थी असू शकते. ‘लेखकांनी पुस्तक पाठवले तेव्हा ते अपूर्ण होते’ इथे अर्थ लागतो. ‘ते तयार नव्हते’ म्हटले की पुस्तक की लेखक, हा प्रश्न उभा राहतो. ‘आपला’ सामान्यतः वाक्याच्या कर्त्याकडे जातो, त्यामुळे ‘संपादकाने लेखकाला आपला लेख वाचून दाखवला’ यातला लेख संपादकाचा ठरतो. पण ‘संपादकाने लेखकाला आपला लेख पुन्हा लिहायला सांगितले’ यात लिहिणारा लेखक असल्याने ‘आपला’ दोघांकडेही वळतो. अशा ठिकाणी सर्वनामाशी झटत न बसता नामच पुन्हा लिहावे. नामाची पुनरावृत्ती वाचकाला खटकेल अशी भीती लेखकांना वाटते. संदिग्ध सर्वनाम त्याला त्याहून कितीतरी जास्त अडवते.

अनुस्वार हे केवळ शुद्धलेखनाचे प्रकरण समजू नये. १९६२ साली मान्य झालेल्या मराठी लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा, म्हणजे प्रत्यय लागताना नामाचे जे रूप होते त्यावरचा, अनुस्वार कायम ठेवला, कारण तो अर्थ सांगतो. ‘सदस्याचे मत’ आणि ‘सदस्यांचे मत’, ‘घरात’ आणि ‘घरांत’, ‘त्याला’ आणि ‘त्यांना’ यांतला फरक संख्येचा आहे. ‘दोन दिवसात’ लिहिलेले चालून जाते, कारण ‘दोन’ सोबत आहे. ‘सदस्याचे मत विचारात घेतले’ हे वाक्य मात्र अनुस्वार राहून गेला असेल तर सरळ चुकीची माहिती देते.

षष्ठी विभक्ती किती वेगवेगळी नाती एकाच प्रत्ययात गुंडाळते ते ‘आईचे चित्र’ या दोन शब्दांत दिसते: आईने काढलेले, आईच्या मालकीचे किंवा आई ज्यात दिसते ते. ‘शिक्षकांची निवड’ म्हणजे शिक्षकांना निवडणे की शिक्षकांनी केलेली निवड, तेही तसेच. जिथे दोन अर्थ संभवतात तिथे ‘चा’ सोडून ते नाते क्रियापदाने सांगावे: ‘आईने काढलेले चित्र’, ‘शिक्षकांनी निवडलेले प्रतिनिधी’. एकामागोमाग तीन ‘च्या’ आले की तिथेही हाच उपाय चालतो. ‘प्रकल्पाच्या खर्चाच्या वाढीच्या कारणांचा अभ्यास’ असे लिहिण्यापेक्षा ‘प्रकल्पाचा खर्च का वाढला याचा अभ्यास’ म्हणावे. शब्दांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते, पण ‘वाढला’ हे क्रियापद येताच वाक्याला कणा मिळतो.

काटछाट

‘च्या माध्यमातून’, ‘च्या अनुषंगाने’, ‘च्या दृष्टिकोनातून’, ‘या पार्श्वभूमीवर’ हे शब्दसमूह प्रत्येक ठिकाणी एकदा झाकून वाक्य वाचावे. बहुतेक वेळा ‘-ने’, ‘-मुळे’, ‘-साठी’ किंवा ‘-बद्दल’ एवढ्याने भागते. ‘परत पुन्हा’, ‘सुमारे शंभरएक’, ‘कारण की’ यांत एक शब्द जास्तीचा आहे. ‘हळूहळू’, ‘ठिकठिकाणी’, ‘बघताबघता’ यांना या कात्रीपासून दूर ठेवावे, कारण ते अभ्यस्त, म्हणजे पुनरुक्तीनेच बनलेले शब्द आहेत. ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’ हे मी स्वतः वर्षानुवर्षे लिहिले आहे; ते काढल्याने एकाही वाक्याचे नुकसान झालेले मला आढळले नाही.

नेमकेपणा

स्पष्ट वाक्य नेमके असेलच असे नाही. ‘काही दिवसांत बऱ्याच जणांनी उत्तरे दिली’ हे वाक्य कळायला सोपे आहे, पण त्यातून कळत काहीच नाही. ‘काही’, ‘बरेच’, ‘लवकरात लवकर’, ‘योग्य तो’, ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दांभोवती वर्तुळ करावे आणि प्रत्येकाच्या जागी आकडा, तारीख, नाव किंवा कसोटी देता येते का ते पाहावे. देता आली नाही तर माहिती अपुरी आहे, हे मान्य करून एकतर ती मिळवावी किंवा तो शब्द तसाच ठेवावा. खोटा नेमकेपणा हा अस्पष्टतेपेक्षा वाईट दोष आहे. ‘अंदाजे ७३ जण’ असे लिहिणाऱ्याने मोजले आहे की अंदाज केला आहे, हे कोणालाच कळत नाही.

काळाच्या शब्दांची खास काळजी घ्यावी. मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. वाक्य पूर्ण असेल तर क्रियापद त्याची दिशा सांगते, पण ‘परवाच्या बैठकीची टिपणे’ यात क्रियापदच नसल्याने बैठक झालेली आहे की व्हायची आहे ते कळत नाही. ‘दहा दिवसांत’ म्हणजे दहा दिवस संपायच्या आत आणि ‘दहा दिवसांनी’ म्हणजे ते संपल्यावर; सूचना लिहिताना ही अदलाबदल महागात पडते. ‘१५ तारखेपर्यंत’ या मुदतीत पंधरा तारीख धरली आहे की नाही याबद्दल वाद होण्याचा संभव असेल तर ‘१५ तारीख धरून’ असे सरळ जोडावे.

विरामचिन्हांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ती मराठीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि त्या कामात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. त्याआधीचे गद्य दंडावर, म्हणजे ‘।’ या उभ्या रेघेवर भागवत असे. शब्दांचे परस्परसंबंध मराठीत विभक्तिप्रत्यय सांगतात, त्यामुळे स्वल्पविराम हा श्वासाला मदत करतो, अर्थाचा भार मात्र त्याच्यावर टाकू नये. एखाद्या वाक्याचा अर्थ केवळ स्वल्पविरामावर अवलंबून आहे असे आढळले तर शब्दांचा क्रम बदलावा.

एक वाक्य, सर्व फेऱ्यांतून

‘ग्रंथालयाच्या वेळांच्या बदलाच्या संदर्भात सभासदांच्या तक्रारींच्या अनुषंगाने समितीच्या वतीने चर्चा करण्यात येऊन योग्य तो निर्णय लवकरात लवकर घेण्यात येईल असे सांगण्यात आले.’

शेवटचे क्रियापद ‘सांगण्यात आले’. कोणी सांगितले ते नाही. त्याआधी ‘घेण्यात येईल’. निर्णय कोण घेणार, समिती की आणखी कोणी, तेही नाही. ‘चर्चा करण्यात येऊन’ला ‘येईल’चा काळ मिळतो, म्हणजे चर्चा अजून झालेली नाही, लेखकाला तसेच म्हणायचे होते का? ‘वेळांच्या बदलाच्या’ यात वेळा बदलल्या आहेत म्हणून तक्रारी आल्या, की बदलाव्यात म्हणून आल्या? पहिल्या क्रियापदापर्यंत एकाच वाक्यात सहा वेळा ‘च्या’ आले आहे. ‘योग्य तो’ आणि ‘लवकरात लवकर’ यांभोवती वर्तुळे.

या टप्प्यावर वाक्य सफाईने पुन्हा लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. संपादकाने आपल्या मनाने अर्थ निवडला तर वाक्य सुबक होईल आणि कदाचित खोटेही ठरेल. आधी लेखकाला विचारावे. लेखक आपणच असू तर टिपणांत पाहावे. समजा, उत्तरे अशी मिळाली: वेळा गेल्या महिन्यात बदलल्या, चर्चा झालेली आहे, निर्णय समितीच घेणार आहे आणि सचिवांनी १५ तारखेची मुदत सांगितली आहे. मग वाक्य असे होईल: ‘ग्रंथालयाच्या वेळा गेल्या महिन्यात बदलल्या आणि त्याबद्दल सभासदांनी तक्रारी केल्या. समितीने या तक्रारींवर चर्चा केली असून ती १५ तारखेपर्यंत निर्णय घेईल, असे सचिवांनी सांगितले.’ शब्द वाढले आहेत. काटछाट हेच संपादन असे मानणाऱ्यांना हे पटणार नाही, पण मूळ वाक्यात जे नव्हतेच ते सांगायला शब्द लागणारच.

कानाने तपासणे आणि दुसरा दिवस

सर्व फेऱ्या झाल्या की मजकूर पुन्हा परिच्छेदांत जोडावा आणि मोठ्याने वाचावा. मनातल्या मनात वाचणे इथे उपयोगाचे नाही. वाचताना जिथे अडखळलात, श्वास अपुरा पडला किंवा जीभ आपोआप वेगळाच शब्द बोलून गेली, तिथे खूण करावी. जिभेने बदललेला शब्द बहुधा बरोबर असतो. जमल्यास एखाद्या परिचिताला एक परिच्छेद वाचायला द्यावा आणि ‘कसा वाटला?’ असे न विचारता ‘यात काय सांगितले आहे ते मला सांगा’ असे म्हणावे. तो जे सांगेल ते वाक्यात खरोखर लिहिलेले असते.

दुसऱ्या दिवशी मूळ प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावी. प्रत्येक बदलासाठी एका शब्दात कारण लिहावे: ‘कर्ता’, ‘नकार’, ‘दोन अर्थ’, ‘जास्तीचा शब्द’. कारण सुचले नाही तर तो बदल रद्द करून मूळ वाक्य परत आणावे. नवशिक्याच्या पहिल्या काही प्रतींत असे रद्द करण्याजोगे बदल पुष्कळ निघतात, विशेषतः लांब वाक्ये उगाच तोडल्याने आलेले. सगळी वाक्ये आठ-दहा शब्दांची झाली की ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ हे जोड गळून पडतात आणि विधाने सुटी सुटी होतात.

ही कारणे एका वहीत तारखेसह उतरवत जावीत. महिन्याभरात त्यातले दोन-तीन शब्द पुन:पुन्हा येताना दिसतील, आणि पुढच्या मजकुरावर कोणती फेरी सर्वांत आधी करायची हे त्यावरून ठरवता येईल.